बाबा बसले की चालते

१

संध्याकाळी सहाला धाकटा घरी आला, की ताई पहिलं काम एकच करायची. बोलणं नंतर, चहा नंतर. आधी त्याच्या हातातून किल्ली घ्यायची, फाटकाबाहेर जायचं, गाडीत बसून किल्ली अर्धी फिरवायची आणि पेट्रोलचा काटा बघायचा. काटा लाल रेघेच्या खाली निपचित पडलेला असायचा आणि शेजारचा पिवळा दिवा लागलेला असायचा. मग ताई गाडीचं दार आपटून घरात यायची.

"संपलंय."

"चालतंय ना?" धाकटा बूट काढता काढता म्हणायचा.

एवढं ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. या एका शब्दावर धाकट्याचं आयुष्य चाललं होतं. दुधाला वास येतोय? चालेल. नळ गळतोय? चालेल. चष्म्याच्या फ्रेमांचे नमुने घेऊन तो दुकानोदुकानी हिंडायचा, आणि तिथे म्हणे हा स्वभाव फार उपयोगी पडायचा. असेलही. पण ज्या घरात दोन माणसं राबतात आणि तिसरं नुसतं 'चालेल' म्हणतं, तिथे कुणाच्या जिवावर चालतं हे त्यानं एकदा तरी विचारायला हवं होतं.

गाडी मुळात बाबांची. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं, आणि ही त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची शेवटची गाडी. शिकवणाऱ्यासाठी डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते, ते स्कूल बंद झाल्यावरही कुणी काढले नव्हते. बाबांचा नियम होता, काटा अर्ध्याखाली जाऊ द्यायचा नाही. "माझी गाडी रस्त्यात कधी बंद पडली नाही," हे वाक्य ते पाहुण्यांना दर वेळी ऐकवायचे, आणि आई होती तेव्हा ती आतून म्हणायची, "सांगितलंत का? आता जेवायला या."

तीन आठवड्यांपूर्वी ताईनं जाहीर करून टाकलं. "ज्यानं संपवलं त्यानं भरायचं. मी एक थेंब भरणार नाही." प्रश्न पेट्रोलचा नव्हता, तत्त्वाचा होता. त्या दिवसापासून ती बसनं कामावर जाऊ लागली, बसमध्ये उभी राहून धाकट्याला मनातल्या मनात झोडपू लागली. धाकट्याला पंपावरच्या रांगेचा कंटाळा. तो रोज म्हणायचा, उद्या भरतो.

आणि गाडी रोज जायची आणि रोज यायची. पहिल्या आठवड्यात ताईला नुसता राग आला. दुसऱ्या आठवड्यात किल्ली फिरवताना तिच्या मनात आलं, की रिझर्व्हला लागलेली गाडी फार तर तीस-चाळीस किलोमीटर जाते. हा तर रोज सत्तर फिरतो. मग तिनं ठरवलं, की हा गुपचूप थोडंथोडं भरत असणार, फक्त मला खिजवायला काटा खाली ठेवत असणार. या विचारानं ती आणखीच भडकली आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

२

बाबा दोन महिन्यांपूर्वी बल्ब बदलताना स्टुलावरून पडले होते. खुब्याचं ऑपरेशन झालं. ताई फिजिओथेरपिस्ट, म्हणजे दिवसभर परक्यांना चालायला शिकवायचं आणि घरी येऊन वडिलांना. स्वयंपाकघराच्या दारापासून पुढच्या दारापर्यंतचा बोळ ही त्यांची शाळा. बाबा वॉकर बाजूला ठेवायचे, ती मागे हात पसरून उभी राहायची.

"एकेक पाऊल मोजायचं, बाबा. तोंडानं. म्हणजे लक्ष राहतं."

"मी तुला गिअर मोजायला लावायचो, त्याचा सूड घेतेस होय?" बाबा म्हणायचे, पण मोजायचे.

सर्जननं चाळीस पावलं सांगितली होती. तपासणीच्या दिवशी त्यांच्या खोलीपासून कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीपर्यंत, वॉकरशिवाय, चाळीस. जमलं तर सुटलो. नाही जमलं तर सांधा पुन्हा उघडायचा. पहिल्या वेळी भूल उतरल्यावर दोन दिवस बाबांनी दोन्ही मुलांना ओळखलं नव्हतं. "पुन्हा नको गं," ते म्हणायचे. "त्या वेळी मी जाता जाता परत आलो होतो." ताई 'काहीतरीच' म्हणायची आणि त्यांना पुन्हा एकपासून मोजायला लावायची.

सुरुवात झकास झाली होती. बाबा बावन्न पावलांपर्यंत पोचले होते. मग धाकट्याच्या डोक्यात आलं, की बाबा घरात बसून कंटाळतात, तर त्यांना गाडीतून बरोबर न्यावं. ते डाव्या सीटवर बसतील, आपण दुकानात जाऊन येऊ. ताईलाही ते पटलं. बाबांचा चेहराही खुलला.

पावलं मात्र उतरू लागली. एक्केचाळीस. तीस. तेवीस. संध्याकाळी बाबा खुर्चीत बसल्या बसल्या झोपी जायचे आणि झोपेत पुटपुटायचे. एकदा ताई त्यांच्या अंगावर चादर घालायला वाकली तेव्हा तिनं ते नीट ऐकलं.

"अकरा हजार दोनशे सात... अकरा हजार दोनशे आठ..."

म्हाताऱ्या माणसाचं स्वप्न, तिनं स्वतःला समजावलं. मग तिनं त्यांचे बूट काढले, आणि तळ उजेडात धरून बघितले.

बूट तिनंच आणले होते, रबरी तळाचे, जेमतेम तीन आठवड्यांचे. तळाच्या सगळ्या खाचा नाहीशा झाल्या होत्या आणि टाचेशी रबर इतकं पातळ झालं होतं, की बोट दाबलं तर आतलं कापड जाणवत होतं. बुटाचा तळ बघून माणूस कसा चालतो हे सांगणं तिच्या हातचा मळ होता. लंगडणाऱ्याचा एक बूट जास्त झिजतो, पाय ओढणाऱ्याचा पुढून झिजतो. हे दोन्ही बूट अगदी सारखे झिजले होते. कुणीतरी तरणाताठा माणूस ते घालून सरळ रस्त्यानं, न थांबता, कित्येक महिने चालला असावा.

बाबा दिवसाला तेवीस पावलं टाकत होते.

३

रविवारी गॅरेजवाले काका रस्त्यानं चालले होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या सगळ्या गाड्या एके काळी त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. ताईनं त्यांना फाटकाशीच गाठलं.

"काका, काटा बिघडलाय का बघा हो जरा. टाकीत पेट्रोल असणार आणि हा खाली दाखवतो."

काकांनी किल्ली फिरवून काटा बघितला. मग खाली उतरून टाकीचं झाकण उघडलं आणि कान लावला. दोन्ही हातांनी मागची बाजू धरून गाडी चांगली गदागदा हलवली. पुन्हा कान लावला. वाकून नाकही लावलं. ताई बघत राहिली. गाडीतून काहीच आवाज येत नव्हता.

"काटा ठीक आहे," काका हात पुसत म्हणाले. "टाकी कोरडी आहे पार. वाससुद्धा नाही. ढकलत आणलीत का?"

"छे हो! आत्ता तासाभरापूर्वी बाबांना फिरवून आणलं धाकट्यानं. दोघं गाडीतूनच आले."

काका तिच्याकडे बघून हसले. चेष्टा चाललीय असं त्यांना वाटलं असावं. मग ते हसायचे थांबले. "कॅनमध्ये पाच लिटर आणून देऊ का?"

इथे ताईनं हो म्हणायला हवं होतं. एक शब्द, त्याला कितीसा वेळ लागतो! पण घराच्या पायरीवर बसून धाकटा वर्तमानपत्र वाचत होता, नाकावर टिच्चून पाय हलवत होता, आणि तिनं त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "नको काका. ज्यानं संपवलंय तो भरेल."

४

त्या रात्रीच्या जेवणात भांडण ठरलेलंच होतं.

"तू बाबांना रस्त्यावर चालवतोस," ताई म्हणाली. "गाडी बंद पडते, आणि तू त्यांना ढकलायला उतरवतोस. खरं सांग!"

"वेड लागलंय का तुला?" धाकटा खरंच दुखावला. "ते दारही उघडत नाहीत. बसल्या जागी बसलेले असतात. उलट ते बसले की गाडी चालते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, मी एकटा असलो तर सुरू होत नाही हल्ली. बाबा बसले की चालते. त्यांचा हातगुण आहे गाडीला." त्यानं भात कालवला. "चालतंय ना, मग कशाला उगाच खोलात शिरायचं?"

बाबा खाली मान घालून जेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं नवे बूट आणले आणि दोन्ही तळांवर जाड मार्करनं पाच-पाच आडव्या रेघा ओढल्या. बाबांच्या पायांत ते तिनं स्वतः चढवले, त्यांना स्वतः धरून गाडीत बसवलं. संध्याकाळी तिनं बाबांना फाटकाशीच उचलल्यासारखं घरात आणलं आणि बूट उलटे केले. रेघा नव्हत्या. एकही नव्हती. त्या दिवशी बाबांची नऊ पावलं झाली आणि दहाव्याला त्यांनी भिंत धरली.

"बाबा, गाडीत बसून दिवसभर करता काय तुम्ही?"

"बसतो."

"आणि?"

बाबांनी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. "काट्याकडे बघत नाही मी. बघितला की जीव वरखाली होतो. मी आपला पुढे बघतो."

"मग त्याला म्हणायचं ना, पेट्रोल भर म्हणून!"

"तो भरत नाही, तू भरत नाहीस. मग माझी गाडी रस्त्यात बंद पडली, तर कसं चालेल?"

ताई संतापली. सगळ्यांवरच. धाकट्यावर, कारण त्याला कशाचंच काही नव्हतं. बाबांवर, कारण त्यांनी या घोड्याला डोक्यावर बसवून ठेवलं होतं. बुटांवर, मार्करवर. तिनं फर्मान काढलं, की शुक्रवारच्या तपासणीपर्यंत बाबा गाडीला शिवणारसुद्धा नाहीत, आणि गुरुवारपर्यंत धाकट्यानं टाकी भरून ठेवायची. हे त्याचं काम, त्यानंच करायचं. धाकटा फुरंगटून बसनं जाऊ लागला.

गाडी फाटकाबाहेर जागची हलली नाही. मंगळवारी बाबांची अठरा पावलं झाली. बुधवारी एकतीस. गुरुवारी संध्याकाळी बोळातून जाऊन ते वळले, परत आले, आणि ताईच्या पुढे येऊन म्हणाले, "चव्वेचाळीस." तिनं त्यांना मिठी मारली. त्यांच्या बुटांच्या तळांवर तिनं नव्यानं काढलेल्या रेघा काळ्याभोर, जशाच्या तशा होत्या.

५

शुक्रवारी साडेदहा वाजता ताईनं किल्ली अर्धी फिरवली. काटा आडवा होता.

तिनं धाकट्याला फोन लावला. तो दुकानात होता. "अगं, काल गेलो होतो भरायला. सुरूच झाली नाही, काय करू? कॅन घेऊन कुठे जाणार, रांग होती. संध्याकाळी नक्की भरतो."

ती काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. टॅक्सीवाल्यानं चाळीस मिनिटं सांगितली. सर्जन अकरापर्यंत होते आणि अकरानंतर तीन आठवड्यांच्या सुट्टीवर जाणार होते. तिनं किल्ली पूर्ण फिरवून बघितली. गाडी घरघरली आणि गप्प झाली. पुन्हा तेच. मग फाटक वाजलं. बाबा एकटे, वॉकरशिवाय, ताठ चालत गाडीपर्यंत आले होते. डावं दार उघडून ते बसले, पाय आत घेतले, सीटवर कायम पडलेली चादर मांडीवर ओढली.

"आता बघ," ते म्हणाले.

गाडी एका झटक्यात सुरू झाली.

ताईला कळलं होतं. तेव्हाच कळलं होतं, नंतर तिनं कितीही नाकारलं तरी. पण घड्याळात दहा चौतीस झाले होते, पहिला पंप एका किलोमीटरवर होता, आणि ती पुटपुटली, फक्त पंपापर्यंत. एवढं तर चालेल. हा शब्द तिच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा बाहेर पडला, आणि तो उच्चारणं किती सोपं असतं याचं तिला नवल वाटलं.

पहिल्या पंपावर आठ गाड्यांची रांग होती. ती थांबली नाही.

पुलाच्या चढाला लागल्यावर तिला आवाज ऐकू आला. इंजिनचा नव्हे. इंजिन गप्पच होतं, केव्हापासून गप्प होतं कोण जाणे. हा आवाज डावीकडून, खालून येत होता. रबराचा, मऊ, एकसारखा. थप, थप, थप, थप. तिनं चढावर अॅक्सिलरेटर दाबला आणि तो आवाज भरभर होऊ लागला.

"बाबा?"

"पुढे बघ," बाबा म्हणाले. शिकवताना म्हणायचे तसंच. मग दबक्या आवाजात, धापा टाकत, "...दोन हजार सहाशे नव्वद, दोन हजार सहाशे एक्याण्णव..."

तिनं पुढेच बघायचं ठरवलं होतं. मागे ट्रक होता, पुलावर थांबायला जागा नव्हती. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून जे दिसतं ते कुणी थांबवू शकत नाही. मांडीवरची चादर वरखाली होत होती. एक गुडघा, मग दुसरा, मग पहिला. बाबांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्यांचे डोळे रस्त्यावर होते आणि चेहऱ्यावर दुःख नव्हतं, कष्टही नव्हते. नवा शिकाऊ पहिल्यांदा गर्दीतून सुखरूप बाहेर पडला, की त्यांचा चेहरा असा व्हायचा.

तिनं ब्रेकवर पाय ठेवला. ब्रेक दबला नाही. डाव्या बाजूनं कुणीतरी तो पायानं वर उचलून धरल्यासारखा घट्ट होता.

"थांबायचं नाही मधेच," बाबा म्हणाले. "मागचा येऊन आदळेल."

पूल उतरला. डाव्या हाताला दुसरा पंप होता. रिकामा. एक गाडी नव्हती, रांग नव्हती, आणि पंपावरचा माणूस हात हलवून 'या' म्हणत होता. ब्रेक आता मोकळा होता. तिनं पायानं चाचपून बघितलं, मऊ दबत होता.

घड्याळात दहा एक्कावन्न झाले होते. समोरचा सिग्नल हिरवा होता, आणि हॉस्पिटलची इमारत दिसत होती, अगदी समोर, दोन वळणांवर. पाच मिनिटं. येताना भरू. येताना नक्की भरू.

ताईनं सिग्नल पार केला. थप, थप, थप.

६

दहा अठ्ठावन्नला ती सर्जनच्या दारात होती. वॉर्डातल्या मदतनिसानं बाबांना गाडीतून व्हीलचेअरवर घेतलं होतं, आणि घेताना म्हटलं होतं, "बाई, हे तर अगदीच हलके झालेत."

"या या," सर्जन उठून बाहेर आले. "खिडकी दिसतेय ना, आजोबा? तिथपर्यंत फक्त. चालेल ना?"

बाबांनी व्हीलचेअरचे दोन्ही हात धरले. ताईनं मागे हात पसरले, रोजच्यासारखे. ते उठले, अर्धे. उजवा पाय पुढे आला.

"एक," बाबा म्हणाले.

मग ते तसेच राहिले. डावा पाय उठत नव्हता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या आणि ओळख न पटणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. कॉरिडॉर लांबलचक होता, स्वच्छ होता, टोकाच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. ताईनं त्यांना सावरून खाली बसवलं तेव्हा त्यांचा बूट निघून हातात आला. तळ नव्हताच. वरचं कापड होतं, मोजा होता, आणि मोज्यालाही भोक पडलं होतं.

सर्जन हळू आवाजात काही तरी सांगत राहिले, पुन्हा उघडावं लागेल, सुट्टीवरून आल्या आल्या घेऊ. ताई मान हलवत होती. "कालच चव्वेचाळीस झाली होती," ती म्हणाली. "मी मोजली आहेत. चव्वेचाळीस!" आपण ओरडतोय हे तिला लोक वळून बघू लागले तेव्हा कळलं.

फोन वाजला. धाकट्याचा निरोप होता. 'झालं का? पेट्रोल संध्याकाळी नक्की.' तिनं उत्तरादाखल एक जळजळीत वाक्य लिहायला घेतलं. कुणाच्या जिवावर, असं ते सुरू होत होतं. तिथवर लिहून तिचा अंगठा थांबला. रिकामा पंप तिच्या डोळ्यांपुढे आला, तो हात हलवणारा माणूस, हिरवा सिग्नल. तिनं लिहिलेलं पुसून टाकलं.

मदतनिसानं बाबांना उचलून डाव्या सीटवर ठेवलं. ताईनं त्यांचे पाय एकेक करून आत घेतले, अनवाणी, थंड, आणि चादर गुडघ्यांवर नीट पसरली. स्टिअरिंगमागे बसून तिनं किल्ली फिरवली.

गाडी घरघरली आणि गप्प झाली. तिनं पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. बाबा शेजारी बसलेले असताना, पहिल्यांदाच.

बाबा आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. चादर हलत नव्हती. त्यांचा चेहरा लाजेनं उतरला होता, आणि आवाज इतका खाली गेला होता, की तिला वाकून ऐकावं लागलं.

"आता मात्र पेट्रोल भरावं लागेल गं."